आतल्या बाजूचा रंग

विमानाची शेपटी तयार होती, फक्त जोडलेली नव्हती. गॅरेजच्या भिंतीला लागून सर्व्हेअरने स्वतः ठोकलेल्या मांडणीवर तिचे सगळे भाग कागदात गुंडाळून ठेवलेले होते. पत्रे कापून झाले होते, भोकं पाडून झाली होती, कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या घासून झाल्या होत्या. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्या लाकडी साच्यावर ठोकून वळवलेल्या होत्या. उरलं होतं ते एकच काम: फासळ्यांवर पत्रा चढवायचा आणि रिव्हेट मारत सुटायचं. पण गेल्या हिवाळ्यापासून त्या गॅरेजमध्ये एकही रिव्हेट मारला गेला नव्हता.

अडलं होतं रंगावर. बाहेरच्या रंगावर नव्हे. तो पांढरा असेल, हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. अडलं होतं ते आतल्या रंगावर, जो पुढे कोणालाच दिसणार नव्हता.

डॉक्टर म्हणजे सर्व्हेअरची बायको. ती दातांची डॉक्टर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता आणि मागच्या अंगणात गॅरेज. दोन्हीकडून ड्रिलचा आवाज यायचा आणि खुर्चीत आडवे झालेले पेशंट घाबरून विचारायचे, मागे आणखी कोणाचे दात काढतात का. विमान उडवायचं होतं तिने. परवाना तिचा होता, क्लबच्या विमानांत ती कित्येक वर्षं उडत आली होती. सर्व्हेअर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून घेणारा माणूस. त्याने हे काम अंगावर घेतलं ते तिच्यासाठी, आणि हातात हत्यार असलं की त्याला बरं वाटायचं म्हणून.

विमान सगळंच त्याने बांधलेलं नव्हतं. धड आणि पंख एका हौशी गृहस्थाने बांधून अर्ध्यावर सोडले होते. शेपटी मात्र त्याच्या शेडवर झाड कोसळलं तेव्हा चेपली होती. म्हणजे एवढी शेपटी नव्याने केली, इंजिन खोक्यातून काढून बसवलं, की विमान मैदानावर न्यायचं. निदान डॉक्टरचा हिशेब तसा होता.

सर्व्हेअरचा तसा नव्हता. निवृत्त होईपर्यंत तो विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करत असे. बंदरात भिजलेली यंत्रं, पुरात बुडालेले जनरेटर, गोदामात कुजलेल्या मोटारी. आयुष्यभर त्याने बिघडलेल्या वस्तूच पाहिल्या. धड असलेली वस्तू बघायला त्याला कोणी कधी बोलावलंच नव्हतं. त्यामुळे नवाकोरा पत्रा हातात आला, की वीस वर्षांनी तो कसा दिसेल हेच त्याला आधी दिसायचं.

"ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही," तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगे. "लोखंड बोंबलून सांगतं, लाल होतं. हे गुपचूप आतून पांढरी पूड सोडतं आणि पुडीखाली खड्डा. एकदा रिव्हेट मारून शेपटी बंद केली की आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक."

"मग देवालाच विचारून एकदाचं काय ते लावा," डॉक्टर म्हणायची.

लावण्यासारखं बरंच होतं, तीच अडचण होती. पत्रे एका द्रावणात बुडवून त्यांच्यावर सोनेरी थर चढवता येत होता. गाड्यांना मारतात तसला, पत्र्याला किंचित खाऊन चिकटणारा प्रायमर मारता येत होता. दोन डब्यांतलं रसायन मिसळून करायचा इपॉक्सी प्रायमर होता, सगळ्यांत चिवट आणि सगळ्यांत कटकटीचा. आणि काहीच न लावताही चालत होतं, कारण या पत्र्यांना दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा कारखान्यातूनच दिलेला असतो, तोच खालच्या धातूला सांभाळतो. सर्व्हेअरने घरी विमान बांधणाऱ्या चार माणसांना फोन केले आणि पाच मतं घेऊन आला.

विकत आणलेल्या पंखांच्या आत त्या हौशी गृहस्थाने काहीही लावलेलं नव्हतं. सर्व्हेअर टॉर्च घेऊन पंखाच्या पोटाशी तासभर आडवा पडला आणि बाहेर आला.

"काय दिसलं?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

"म्हणजे काही न लावता चालतं."

"चाललंय," तो म्हणाला. "अजून."

त्या 'अजून'वर डॉक्टरने हातातला टॉवेल जोरात झटकला आणि ती दवाखान्यात निघून गेली.

घाई तिला होती, आणि तिचं कारण दोघांनाही माहीत होतं. तिला काचबिंदू होता. समोरचं तिला लख्ख दिसत होतं, पेशंटच्या दाढेतली भेग ती भिंगाशिवाय दाखवायची. कमी होत होती ती कडेची नजर, आणि डाव्या डोळ्याची जास्त. औषधाच्या थेंबांनी तो वेग कमी होतो, थांबत नाही. वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरने या वर्षी कागदावर सही केली होती आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हटलं होतं, "पुढचं पुढच्या वर्षी बघू." हा सूर तिच्या ओळखीचा होता. जो दात वाचणार नाही त्याबद्दल ती स्वतः पेशंटशी याच सुरात बोलायची.

तिला हवं होतं एवढंच: आपल्या अंगणातून निघालेलं विमान पहिल्यांदा जमिनीवरून उचलायचं ते आपल्या हाताने. सही मिळाली नाही तर ते दुसरा कोणीतरी उचलणार होता, आणि ती कधीतरी नंतर शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसणार होती.

सर्व्हेअरला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, "म्हणूनच तर नीट करायला हवं." या वाक्याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप येई.

शेवटी त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीला एकेक लेप दिला, एक कोरी ठेवली, प्रत्येकीला वर भोक पाडून त्यात तार ओवली आणि सगळ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीवर ओळीने टांगल्या. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली त्याने खारं पाणी भरून ताब्यात घेतली. सकाळ-संध्याकाळ तो पट्ट्यांवर फवारा मारी आणि भिंग लावून बघत बसे. शेजारी डॉक्टरचे पांढरे एप्रन वाळत. त्यांच्यावर मिठाचे डाग पडू लागले.

"पेशंटना वाटेल मी घामाने निथळतेय," ती म्हणाली.

"एप्रन आत वाळत घाल."

"एप्रन आत आणि पत्रे उन्हात. छान. मला पण एखादा लेप देऊन टाका, म्हणजे माझ्याकडेही बघाल कधी भिंग लावून."

हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि सगळ्या पट्ट्या खराब झाल्या. कोरी झाली, सोनेरी झाली, प्रायमरची झाली. इपॉक्सीचीसुद्धा वरून फुगली आणि फोडाखाली पांढरी पूड निघाली. सर्व्हेअर जेवायच्या टेबलावर त्या पट्ट्या मांडून बसला. त्याचा चेहरा पडला होता, पण त्यात कुठेतरी समाधानही होतं.

"बघितलंस? यातलं काहीही भरवशाचं नाही."

"मग आता?"

"आता विचार करावा लागेल."

डॉक्टरने त्याच दुपारी भावाला फोन केला.

तिचा धाकटा भाऊ मोटारींना रंग मारायचा. स्वतःचं वर्कशॉप होतं, रंगाची बंद खोली होती, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे स्प्रे गन हे उत्तर होतं. सर्व्हेअर आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होता तेवढ्यात त्याने बहिणीच्या परवानगीने निम्म्या फासळ्या गाडीत टाकून नेल्या. दोन दिवसांनी परत आणल्या त्या राखाडी, तुकतुकीत, हात फिरवावासा वाटेल अशा.

"घ्या भाऊजी. खड्डे भरणारा फिलर प्रायमर, दोन हात. आरसा आहे आरसा."

सर्व्हेअरने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, रंगवलेली फासळी ठेवली, मग तिच्याच मापाची कोरी ठेवली. मग रिव्हेटची भोकं उजेडात धरली. निम्मी बुजली होती.

"पाव पटीने वजन वाढलंय," तो म्हणाला. "शेपटीत. सगळ्यांत मागे. विमान मागच्या मागे बसेल."

"भाऊजी, गाडीला कोणी विचारतं का, तुझं वजन किती वाढलं म्हणून?"

"गाडी उडत नाही."

"तुमचं विमान तरी कुठे उडतंय?"

डॉक्टरला हसू आलं आणि ते तिने दाबलं, कारण या खेपेला नवऱ्याचं बरोबर होतं. तिने दोन्ही फासळ्या हातात तोलून बघितल्या. फरक मनगटाला कळत होता. तो रंग खरवडणीने, ब्रशने, उग्र वासाच्या रसायनाने उतरवण्यात आणखी एक महिना गेला. उतरवणारे दोघं मेहुणे होते आणि महिनाभर एकमेकांशी फक्त हत्यारांची नावं बोलत होते.

त्यानंतर एका सकाळी डॉक्टर एप्रन काढायला बाल्कनीत गेली आणि ओरडली. नव्या एप्रनच्या खांद्यावर हिरवट निळा ओघळ होता. डाग मिठाचा नव्हता. तिने वर बघितलं. टेबलावरून उचललेल्या पट्ट्या त्याने परत टांगल्या होत्या, नुकताच फवारा मारलेला होता, आणि पट्टी ज्या तारेला टांगली होती त्या तारेवरून एक थेंब पट्टीवर उतरत होता. तिने पट्टी हातात घेतली. पहिल्यांदाच नीट बघितली. नासाडी भोकापाशी सुरू झाली होती आणि ओघळाच्या वाटेने खाली उतरली होती. दुसरी पट्टी बघितली. तिसरी बघितली.

"अहो! इकडे या जरा. भिंग घेऊन या."

तो आला.

"ही तार कसली आहे?"

"तांब्याची. जुन्या मोटरच्या गुंडाळीतली."

"तांब्याची का?"

"लोखंडाची लावली असती तर तिचाच गंज पट्ट्यांवर उतरला असता. मुद्दाम शोधून तांब्याची—"

आणि तो थांबला. स्वतःचं वाक्य त्याला ऐकू आलं.

"तोंडात सोन्याच्या कॅपशेजारी चांदीचं सिमेंट आलं की लाळेत काय होतं, मी रोज बघते," डॉक्टर म्हणाली. "दोन धातू, मध्ये खारं पाणी. एक दुसऱ्याला खातो. तुम्ही ॲल्युमिनियमला तांब्याला बांधून मीठ पाजलंत. तेही रोज, दोन वेळा, भिंग लावून."

सर्व्हेअरला यात नवं काहीच नव्हतं. पितळी नट ॲल्युमिनियमवर बसवला म्हणून त्याने लोकांचे दावे फेटाळले होते. शेपटीत कुठला बोल्ट कुठल्या धातूला लागेल याचा त्याने आराखडा काढला होता. पण पट्टी टांगायची तार हा त्याच्या लेखी विमानाचा भाग नव्हता. ती कपडे वाळत घालायच्या सामानात जमा होती.

तो खुर्चीवर बसला. डॉक्टरला वाटलं, आता तरी संपलं. तेवढ्यात तो उठला.

"नायलॉनची दोरी आणतो. आजच नव्या पट्ट्या करू. आता चूक कळली, आता निकाल खरा येईल."

"नाही."

"अगं, साधी गोष्ट आहे. एक उन्हाळा आणि एक हिवाळा तरी—"

"माझ्याकडे उन्हाळे-हिवाळे पोत्याने भरून ठेवलेत का?"

"तसं नाही, पण एकदा बंद केलं की उघडता येत नाही."

"मी रोज बंद करते. दाढ कोरते, साफ करते, भरते, बंद करते. आत पुन्हा कधी बघायला मिळत नाही. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबले तर पेशंट आ वासूनच मरतील."

"तुझ्या पेशंटला दुखलं तर तो परत येतो," सर्व्हेअरचा आवाज चढला. "चालत येतो. वर असताना तुझ्या शेपटीला काही झालं तर तू कुठून येणार आहेस चालत?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. दोघंही तो आवाज ऐकत उभे राहिले.

"हे आधी बोलायचं होतं," डॉक्टर म्हणाली. "वर्षभर रंगाची नावं कशाला घेतलीत?"

"रंगाबद्दलच बोलतोय मी."

"नाही बोलत."

त्याने पट्टी उलटसुलट केली. "पाहणीला गेलं की मी पहिलं विचारायचो, हे जोडलं कोणी. नेहमी कोणाचं तरी नाव निघायचं. इथे माझं निघेल."

यावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता तर प्रसंगाला शोभलं असतं. पण खांद्यावर डाग पडलेला एप्रन तिच्या हातात होता, पुढच्या खोलीत पेशंट ताटकळत होते, आणि ती विलक्षण वैतागलेली होती.

"निघू दे नाव. तुम्ही घाबरलात म्हणून माझी नजर थांबून राहणार नाही. जहाजावर शेवटचा शब्द कोणाचा असतो?"

"कप्तानाचा."

"आणि सर्व्हेअरचा?"

"सर्व्हेअर सल्ला देतो." तो अडखळला. "लेखी."

"तुमचा सल्ला मी भरपूर ऐकला. लेखी, तोंडी, जेवताना, झोपताना. आता तुम्ही ऐका. या पट्ट्यांची तारेपासून लांबची बाजू बघा. जिथे ओघळ उतरला नाही ती. भिंग तुमच्याकडेच आहे."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. इपॉक्सीची पट्टी त्या बाजूला जशीच्या तशी होती. कोरी पट्टी मळकट झाली होती, पण खड्डा नव्हता. कापलेल्या कडेला मात्र, जिथे शुद्ध मुलामा नसतो, तिथे पांढरं धरायला लागलं होतं. प्रायमरच्या पट्टीला घामोळ्यासारखे बारीक फोड होते.

"बघितलंत? मोठे पत्रे कोरे राहतील. फासळ्या, मधला कणा, सगळ्या कापलेल्या कडा आणि जिथे पत्र्यावर पत्रा बसतो त्या जागा, तिथे इपॉक्सी. एकच हात, पातळ. रविवारी. भावाच्या वर्कशॉपमध्ये."

"त्याच्या?" सर्व्हेअर म्हणाला. "त्याने परत फिलर मारला तर?"

"तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहा. तुम्हाला तेच आवडतं."

तो राहिला. रविवारी वर्कशॉप बंद होतं, रंगाच्या खोलीतला पंखा घरघरत होता, आणि सर्व्हेअर एकेक फासळी साबणाच्या पाण्याने धुऊन नळाखाली धरत होता. पत्रा खरंच स्वच्छ असला तर पाणी त्याच्यावर सलग पसरतं. कुठे तेलाचं बोट जरी लागलेलं असलं तर पाणी तिथे फुटून थेंब होतात. एका फासळीवर फुटलं. त्याने ती परत धुतली. परत फुटलं.

"भाऊजी, रंग मिसळलाय!" मेहुणा मास्कमधून ओरडला. "दोन्ही डबे एक केलेत. हा आता थांबायचा नाही. कपातच दगड होईल."

"एक मिनिट."

"त्याला सांगा एक मिनिट! मला काय सांगताय?"

या रसायनाचा हा गुण डॉक्टरला ठाऊक होता. दाढेत भरायचं सिमेंटही मिसळलं की असंच कोणासाठी खोळंबत नाही. इपॉक्सी निवडताना तिने ही गोष्ट लक्षात घेतली नव्हती असं म्हणता येणार नाही. ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली आणि नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा धावताना बघत राहिली. तो फासळी कोरड्या फडक्याने टिपत, हातमोजे सावरत, धापा टाकत आला आणि मेहुण्याच्या कोपराशी उभा राहिला.

"पातळ. अजून पातळ."

"अहो, रंग दिसतोय का तरी?"

"खालचा पत्रा दिसला पाहिजे."

"मग मारतोय कशाला? नुसतं दाखवू का फासळीला, की हा बघ रंग, असा असतो?"

पण त्याने पातळ मारला. मारता मारता त्याला त्यात गंमत वाटायला लागली. एवढा पातळ हात त्याने कधी मारला नव्हता, आणि शेवटच्या काही फासळ्या तर त्याने सर्व्हेअरने सांगण्याआधीच उजेडात धरून बघितल्या. जी पुन्हा पुन्हा धुतली ती फासळी सगळ्यांत शेवटी झाली. कपात तळाला उरलेला रंग तोवर मधासारखा घट्ट झाला होता.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोके देणारी गन धरतो, दुसरा आत हात घालून रिव्हेटच्या शेपटाशी लोखंडी ठोकळा दाबून धरतो. गन डॉक्टरच्या हातात होती, तिच्या हातात कंप नव्हता. ठोकळा सर्व्हेअरकडे. दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असल्यामुळे बोलणं ओरडून चालायचं, आणि त्यामुळे भांडण कुठलं आणि सूचना कुठली हे शेजाऱ्यांना कळत नसे.

पहिली ओळ बरी गेली. सर्व्हेअर प्रत्येक रिव्हेटनंतर हात बाहेर काढून आत टॉर्च मारत होता, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी छताकडे बघत होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर गन डावीकडे सरकवताना ती पत्रा धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर आदळली, उसळली, आणि तिच्या टोकाने फासळीच्या नुकत्याच रंगवलेल्या कडेवर बोटभर लांब ओरखडा काढला. खालचं ॲल्युमिनियम चमकलं.

डॉक्टरने गन खाली केली. दोघांनी कानांवरचे मफ काढले.

शिकंजा बारीकसारीक नव्हता. लाल दांड्याचा, हातभर मोठा, तिच्या डाव्या कोपरापासून वितीवर. तो तिथे सकाळपासून होता. तिला तो दिसला नव्हता.

सर्व्हेअरने ओरखड्याकडे बघितलं, मग शिकंज्याकडे, मग तिच्याकडे. ती समोर बघत होती. जबडा तिने घट्ट आवळून धरला होता, आता हा रिव्हेट काढू, फासळी काढू, परत धुऊ, परत रंगवू असं सगळं ऐकायला तयार असल्यासारखा. वैमानिकांच्या तपासणीला फार दिवस उरले नव्हते.

तो उठला. शिकंजा सोडवून त्याने तिच्या उजव्या बाजूला लावला. डावीकडचं टेबल रिकामं केलं, पक्कड, टॉर्च, चहाचा कप, सगळं उचललं. मग चमचाभर इपॉक्सी मिसळून बारक्या ब्रशने ओरखड्यावर एक रेघ ओढली. ती थोडी कडेबाहेर गेली.

"चालेल?" डॉक्टरने विचारलं.

"लावलंय."

"खोल गेलाय का बघा तरी."

"नाही गेला."

"भिंगाने बघितलं नाहीत तुम्ही."

"अगं, आतली बाजू आहे. कोणाला दिसतेय?" त्याने मफ कानांवर चढवले, ठोकळा घेऊन हात आत घातला आणि पुढच्या रिव्हेटशी दाबून धरला. ती अजून त्या ओल्या डागाकडेच बघत होती.

"एवढा ओला रंग आणि शेजारी रिव्हेट मारायचा? सुकू तर द्या."

"मार ना!" सर्व्हेअर ओरडला, वैतागून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. "किती वेळ लावतेस एकेका रिव्हेटला!"

डॉक्टरने त्याच्याकडे असं बघितलं की क्षणभर गन विमानावर चालणार की त्याच्यावर, हे सांगता आलं नसतं. मग तिने ती पत्र्याला टेकवली.